अस्वलीच्या पिलाचें घर

श्रीगजवदन कृपा करोत, बोलत्या आणि मुक्या सर्व जीवांचा सांभाळ करोत. शके सोळाशें एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सरीं, एके राज्यीं वर्तमान जाहलें तें ऐसें कीं, तेथील महाराजांनीं आपली कन्या आवडाबाईसाहेब, वय वर्षें सात, आणि मानकऱ्यांचीं लहान लेंकरें यांस शिकवावयास नारो बहिरव नामें पंतोजी ठेविले. पंतोजी पन्नाशीचे, कुटुंब निवर्तलेलें, पोटीं संतान नाहीं, यास्तव परक्या लेंकरांवर जीव फार. त्यांची रीत निराळी. धुळाक्षरें जाहलीं कीं मुलांस गोठ्यांत नेत आणि म्हणत, "गप्प बसा आणि बघा. शेळी काय मागते?" मग कोणी म्हणे पाणी, कोणी म्हणे पाला, आणि आवडाबाई म्हणत, "तिला उंचावर चढायचें आहे." मग मुलें चिखल, कामट्या आणि सुतळी घेऊन शेळीचें घर रचीत, आंत चढावयास धोंडे मांडीत, आणि शेळी त्यांवर जाऊन उभी राहिली कीं टाळ्या पिटीत. ऐसेंच बदकांस डबकें केलें, सशांस बीळ केलें, आणि जें जनावरास रुचलें नाहीं तें मोडून पुन्हां केलें. पंतोजी सांगत, "आपणांस गोड वाटतें तें करूं नये, त्यास पाहिजे तें करावें."

एके दिवशीं महाराजांची स्वारी पाहावयास आली. बदकें पाहून बहुत संतोष पावले आणि पंतोजींस शेला दिला आणि हांसून पुसिलें, "या पोरांस न साधे ऐसें घर कोणाचें?" तेव्हां पंतोजींस अभिमानाची भुरळ पडली आणि बोलून गेले, "महाराज, रानांतलें कोणतेंही जनावर आणावें, माझीं मुलें त्यास घर देतील." तोंडचा शब्द गेला तो गेला. माघ मासीं महाराजांनीं शिकाऱ्यांस हुकूम केला आणि शिकारी डोंगरांत शिरले आणि एके गुहेशीं अस्वलीस गांठिलें. पिलूं पाठीवर, तेणेंकरून तिला पळतां येईना. मग भाले चालविले आणि पाठीवरून पिलूं ओढून काढिलें आणि टोपलींत घालून राजवाड्यास आणिलें.

पंतोजींनीं शिकाऱ्याच्या बंडीवर वाळलें रक्त पाहिलें आणि पुसिलें, "आणि आई?"

शिकारी म्हणाला, "आई जिती असतां पिलूं कोणास देईल, पंतोजी?"

मुलें टोपलीभोंवतीं नाचत होतीं, यास्तव पंतोजींनीं ही गोष्ट त्यांस कळविली नाहीं. मुलांनीं तें घर ऐसें केलें कीं पूर्वीं तैसें जाहलें नव्हतें. उकरावयास भुसभुशीत माती घातली आणि निजावयास अंधारी कपार केली आणि वारुळाचें ढेंकूळ आणून ठेविलें आणि दुधाचें भांडें भरलें. मग पिलूं आंत सोडिलें. तें दूध पिईना, माती उकरीना, भिंतीस तोंड लावून रडे, आणि तो आवाज थेट तान्ह्या लेंकराचा. आवडाबाई त्यास उचलावयास वांकल्या तों पिलूं त्यांच्या पाठीवर चढलें आणि वेणी धरून निमूट राहिलें. नखें रुतलीं, रक्त आलें, दासी ओरडली, परंतु बाईसाहेब हालल्या नाहींत. म्हणाल्या, "पंतोजी, मला कळलें. याला पाठ पाहिजे. याच्या आईची पाठ कुठें आहे?"

पंतोजींस खोटें बोलतां आलें असतें. बोलले, "बाईसाहेब, ती मारिली. हें पिलूं आणावयासाठीं."

"आमच्यासाठीं?"

"माझ्या एका शब्दासाठीं."

मग मुलें रडलीं, आणि रडणें सरल्यावर कोणी न सांगतां कामास लागलीं. काळी घोंगडी आणिली, आंत पेंढा भरिला, वरून शेळीचे केंस शिवून लाविले, पोटाशीं ऊन विटा ठेविल्या आणि पाठ केली. पिलूं तीवर चढलें आणि थोडें दूध प्यालें, आणि मुलांस वाटलें कीं साधलें. पंतोजींसही वाटलें. परंतु ती पाठ चालेना, श्वास घेईना. एके सकाळीं मुलें आलीं तों पिलूं घोंगडीस कवटाळून गार पडलें होतें. नखें सोडवितां येईनात, तेव्हां घोंगडीसकट पुरिलें.

मग पंतोजी दरबारीं गेले, मुजरा केला आणि बोलले, "महाराज, मुलांनीं घर उत्तम केलें, तरी पिलूं मेलें. येथून पुढें रानांतून कांहीं आणवूं नये."

महाराज म्हणाले, "कोणतेंही आणावें, हें कोण बोलिलें होतें?"

"मी बोलिलों. शब्द माझा, हुकूम महाराजांचा. पाप दोघांचें."

महाराजांचे डोळे लाल जाहले आणि दिवस मावळण्याआधीं राज्याबाहेर निघावें ऐसी आज्ञा जाहली. पंतोजी बोचकें घेऊन निघाले तों आवडाबाई दरवाजाशीं उभ्या. म्हणाल्या, "आतां दुसरें पिलूं आणतील. मी घर करणार नाहीं." पंतोजी म्हणाले, "करूं नका." "आबासाहेब महाराज रागावतील." "रागावतील, बाईसाहेब." "मग मी काय करूं?" पंतोजींनीं मुलीच्या मस्तकीं हात ठेविला आणि चालते जाहले आणि वळून पाहिलें नाहीं, कारण पाहिलें असतें तर पाय उचलला नसता.

पुढें चैत्रीं बिबट्याचें पिलूं आलें, आई भक्ष्यास गेली असतां उचललेलें. महाराज म्हणाले, "हां, करा घर." आवडाबाईंनीं दोन्ही हात पाठीमागें बांधिले. तें पाहून सर्व लेंकरांनीं हात मागें बांधिले. महाराजांनीं मिठाई दाखविली, मग छडी दाखविली, मग एकेका मुलाच्या तोंडाकडे पाहत बसले. सरतेशेवटीं उठले आणि शिकाऱ्यांस म्हणाले, "नेऊन ठेवा जेथून आणिलें तेथें." शिकारी परतले आणि आईनें पिलूं नेलें ऐसें सांगितलें. राजापुढें दुसरें काय सांगणार? खरें खोटें त्या डोंगरास ठाऊक.

शाळा पुन्हां भरली नाहीं. नारो बहिरव परमुलखीं एका धर्मशाळेंत ज्वरानें वारले, मुलांनीं हात बांधिल्याचें वर्तमान त्यांस पोंचलें नाहीं. दोन जीव गेले, एक परत गेला, एक भला माणूस देशोधडीस लागला. इतकें जाहलें, तितकें लिहिलें. वाचणारांनीं लेंकरांपुढें शब्द जपून बोलावा. लेखनसीमा.