फणसापर्यंत चाळीस पावलं

इरा आणि निहार, आजीचं ऐका. महाडिककाका आमच्या घरी आले की बूट काढल्यावर आधी पावलं मोजायचे. दारापासून सोफ्यापर्यंत नऊ. सोफ्यापासून खिडकीपर्यंत सहा. मग समाधानाने म्हणायचे, "वहिनी, इथे दुर्बिणीची गरज नाही."

तुम्ही लहानपणी त्यांना भेटला आहात, पण तुम्हाला त्यांच्या खिशातली चॉकलेटं तेवढी आठवत असतील. म्हणून नीट क्रमाने सांगते.

काका चिपळूणच्या बाजूचे. इथे जेद्दात, अल अझीझिया भागातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं. वरच्या खोलीत चौघे जण राहायचे. शुक्रवारचं जेवण मात्र आमच्याकडे. गावी त्यांच्या फौजी वडिलांची परवान्याची रायफल, परसात फणस, फणसापलीकडे रानडुकरं आणि घरात एकट्या सुलभावहिनी. लेक सासरी गेली तेव्हा काकांनी एक काम हाती घेतलं. आपण कायमचे घरी परतल्यावर रायफलीवर कुठली दुर्बीण बसवायची आणि तिच्यात कुठली गोळी भरायची, ते ठरवणं. अकरा वर्षं ते ठरवत होते.

गोळ्यांबद्दल मला जे कळतं ते त्यांच्याकडूनच. कडक टोकाची गोळी डुकरातून आरपार जाऊन शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचते. मऊ टोकाची आत शिरते आणि तिथेच थांबते. घराजवळ मऊच बरी, शेजाऱ्याची म्हैस वाचते. माणसंही ते याच मापाने मोजायचे. तुमचे आजोबा कडक टोकाचे, कारण ते पाहुण्यांमधून आरपार जाऊन थेट आपल्या वर्तमानपत्रापाशी पोचतात. मी मऊ टोकाची. ही स्तुती होती का, ते मी विचारलं नाही.

जेवण झालं की काका गावी व्हिडिओ कॉल लावायचे.

"अगो, सूप घेऊन फणसाखाली उभी राहा."

सुलभावहिनी फोन पडवीतल्या खांबाला टेकवून ठेवायच्या, चाळीस पावलं चालत जायच्या आणि नेमाची खूण म्हणून सूप डोक्यावर धरायच्या.

"बोटाएवढी दिसतेस. चारपटीचं भिंग नाही पुरायचं. जरा डावीकडे सरक. आता विहिरीपाशी."

"अवो, हात दुखले!" त्या तिथून ओरडायच्या. "डुक्कर कधी सूप घेऊन येतं काय?"

"डुकराला सांगून ऐकेल काय? तू ऐकतेस म्हणून तुला सांगतो."

वर्कशॉपचे मालक, म्हणजे काकांचे कफील, मूळचे उत्तरेकडच्या हाइलचे आणि शिकारीचे शौकीन. काकांनी एकदा त्यांचा सल्ला घेतला. ते पोट धरून हसले. "चाळीस पावलं? त्याला डोळे पुरतात. खलास!" हे काकांनीच मला सांगितलं, आणि पुढच्या शुक्रवारी नऊपटीच्या भिंगांचा नवा कॅटलॉग घेऊन आले.

यंदा त्यांची फायनल एक्झिट ठरली, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, परत करून कायमचं घरी जाणं. मला अर्धवट कामं पाहवत नाहीत. मी एक तक्ता आखला: अंतर, भिंग, गोळी, आणि शेवटचा रकाना 'निर्णय'. त्या शुक्रवारी कॉल चालू असतानाच काका पाणी प्यायला उठले. मी फोन हातात घेऊन विचारलं, "वहिनी, फणस नक्की चाळीसच पावलं ना? तक्त्यात लिहायचंय."

सुलभावहिनी फोनच्या अगदी जवळ आल्या. "वहिनी, रायफल इथे नाहीच. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केली, ती मी परत आणलीच नाही. तीन वर्षं झाली. त्यांना बोलू नका हो. मग ते मला फणसाखाली कशाला उभं करतील?"

काका आले, कॉल संपला. मी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

"भावजी, आज निर्णय."

त्यांनी पेन उघडून त्या रिकाम्या रकान्यावर धरलं. "वहिनी, परवान्याची मुदत कधीच संपली. नव्या अर्जावर मला सही करायची होती. केली नाही."

"मग हे सगळं कशासाठी?"

"सव्वीस वर्षांत आम्ही एकत्र राहिलो ते वर्षाला एक महिना. लेकीचं लग्न होईपर्यंत लेकीबद्दल बोलायचो. नंतर डावीकडे सरक, उजवीकडे सरक, एवढंच बोलणं उरलं." त्यांनी पेनाचं टोपण घातलं. "लांबून बोलायची सवय झाली. आता दोन पावलांवरून तिच्याशी काय बोलायचं, ते मला ठाऊक नाही."

मी तक्ता घडी करून कपाटात ठेवला. सुलभावहिनींचं गुपितही राखलं. काकांना विमानतळावर सोडून आलो त्या दिवशी, खरं सांगते, मला काळजीच वाटत होती.

गेल्या शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, गावाहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर फणस, आणि फणसाखाली बोटाएवढे महाडिककाका. डोक्यावर सूप. तुमचे आजोबा वर्तमानपत्र ठेवून बघायला आले आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.

फोनच्या अगदी जवळून सुलभावहिनींचा आवाज आला.

"अवो, जरा डावीकडे सरका! वहिनींना दिसत नाही."