अख्ख्या घराला आवतण

लोकरंजन वाचनालयाच्या मागच्या मैफलीला सात माणसं होती. त्यातला एक तबलजींचा मेहुणा, एक जनरेटरवाला, आणि एक जण बाहेर पेपर वाचत बसला होता तो तिथला दिवा बंद केल्यामुळे नाइलाजाने आत आला होता. उरलेल्या चार रसिकांत सचिव हेमकांत आप्पा आणि त्यांच्या पत्नी चेतनाताई धरलेल्या आहेत. चेतनाताई कुकर लावायला मध्येच घरी गेल्या तेव्हा पाहुण्या गायिकेने गाणं थांबवून विचारलं, "कार्यक्रम संपला का?"

त्यामुळे या वर्षीच्या पाच कार्यक्रमांची यादी आप्पांनी पुढे ठेवली तेव्हा अध्यक्ष नवनीतशेठ यांनी चष्मा कपाळावर चढवला. शेठचं धान्याचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर, त्यामुळे सभागृहात किती माणसं जातात आणि किती लवकर बाहेर पडतात हे त्यांना गल्ल्यावरून दिसायचं.

"आप्पा, पहिला कार्यक्रम करी ल्या," ते म्हणाले. "पन्नास मानसं शेवटलोंग बठनात, ते पुढला चारबी करा. नही बठनात, ते हॉल साड्यांना सेलले देई टाकूत. दोन पार्ट्या माले रोज इचारी ऱ्हायन्यात."

शंभर वर्षांपूर्वीचं ते सभागृह, सागवानी खांबांचं, अर्धगोल रंगमंचाचं. चौथीत असताना याच रंगमंचावर आप्पा भाषण करता करता मध्येच विसरले होते, आणि अख्खं सभागृह त्यांना आठवेपर्यंत गप्प बसून राहिलं होतं. कोणी हसलं नव्हतं, कोणी खोकललंही नव्हतं. पुढे आप्पा मराठीचे शिक्षक झाले, निवृत्त झाले, पण ते गप्प बसणं विसरले नाहीत. तिथे बाहुल्यांना साड्या नेसवून उभं करणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

पहिला कार्यक्रम ठरला होता पुण्याचे सतारवादक पंडित श्रीधर मणेरीकर यांचा. आधी अर्धा तास व्याख्यान, मग छोटेखानी मैफल. निमंत्रणपत्रिका छापून तयार होत्या. पण शहाद्यात पत्रिका वाचतं कोण? पत्रिका टीव्हीच्या मागे जाते. पत्रिका देणारा तोंडाने काय सांगून गेला, ते लक्षात ठेवलं जातं.

आणि तोंडाने सांगावं ते चुनीलालदादांनी. लोणखेडा, कळसाडी, ब्राह्मणपुरी, कुठेही लग्न असो, आवतण सांगायला चुनीलालदादाच जाणार. डोक्याला फेटा, हातात हळदकुंकवाची वाटी आणि अक्षता. त्यांनी सांगितलं आणि घर आलं नाही, असं तीस वर्षांत झालं नव्हतं. आप्पांना एके दिवशी दाढी करताना ही कल्पना सुचली आणि ते अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून त्यांच्याकडे गेले.

"मैफलीनं आवतन?" चुनीलालदादांनी पत्रिका उलटीसुलटी केली. "सांगसू ना. त्यामा काय. पन एक सांगा, घरमाईन एक मानूस, का आख्खं घर?"

"अख्खं घर!" आप्पा म्हणाले. "एकेक माणूस घेऊन काय करू? म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकराबाळांपर्यंत सगळी आली पाहिजेत."

चुनीलालदादांनी पत्रिका खाली ठेवली. "आख्खं घर. इचार करीसन सांगी ऱ्हायनात ना, आप्पा?"

"पूर्ण विचार करून."

"मंग आप्पा, तुम्हनं मन मोठं शे," चुनीलालदादा म्हणाले आणि त्यांनी फेटा उचलला. आप्पांना वाटलं, कलेविषयीची आपली तळमळ या माणसाला बरोबर समजली. लग्नाची आवतणं घेणं, आहेर ठरवणं, कुठे कोणी जायचं हे ठरवणं हे सगळं खातं चेतनाताईंकडे असल्यामुळे, आपण नेमकं काय बोलून बसलो हे आप्पांना कळायचं काही कारण नव्हतं. आणि चेतनाताईंना ते विचारायला गेले नाहीत, कारण अर्ध्या गालावर साबण होता.

कार्यक्रम रविवारी पाचला होता. साडेचारला पहिली ट्रॅक्टरची ट्रॉली वाचनालयासमोर थांबली. त्यातून चाळीस माणसं उतरली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, पोरांच्या डोळ्यांत काजळ होतं. आप्पा दारात उभे होते. त्यांचे डोळे भरून आले. मागोमाग दुसरी ट्रॉली आली, मग तिसरी, मग दोन पिकअप आणि मोटरसायकलींची रांगच्या रांग. पावणेपाचला सभागृह भरलं. पाचला ओसरी भरली. खिडक्यांच्या गजांना पोरं लोंबकळू लागली.

"चारशे तरी मानसं शेतस," चेतनाताई डोळे विस्फारून म्हणाल्या. "तुम्ही काय केलं?"

"लोकांमध्ये भूक असते," आप्पा गहिवरून म्हणाले. "आपणच त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

भूक हा शब्द त्यांनी काढला आणि तेवढ्यात कळसाडीच्या जमनाबाई काठी टेकत त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, कपाळावर भलंमोठं कुंकू, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी लाल टॉवेल आणि पांढरी टोपी काढली.

"हाई आहेर, भाऊ. नवरदेव कोठे शे?"

"नवरदेव नाही आजी, पंडितजी आहेत. सतार वाजवणार आहेत."

"वाजाडू द्या ना मंग. पंगत कोठे शे? पहिली पंगत लेकरंस्नी बठाडा, दुपारपासून रडी ऱ्हायनात. सकायपासून घरमा चूल नही पेटाडी."

"का?" आप्पांनी विचारलं.

जमनाबाईंनी त्यांच्याकडे, हा माणूस एवढा शिकलेला दिसतो तरी असं का विचारतो, अशा नजरेने पाहिलं. "चुनीलालनी आख्खा घरले आवतन देयेल शे ना? आख्खं घर म्हंजे चूलबंद. आमनी चूल बंद, तुम्हनी चालू."

चेतनाताईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. घरातून एक माणूस म्हणजे पंगतीला एक पान. अख्खं घर म्हणजे त्या दिवशी त्या घरात विस्तव नाही. सगळ्यांचं दोन्ही वेळचं जेवण सांगणाऱ्याच्या दारी. हे खानदेशात पोराटोरांना माहीत असतं. फक्त एका निवृत्त मराठीच्या शिक्षकाला माहीत नव्हतं.

आप्पा एरवी घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलत. संकटात मात्र त्यांची अहिराणी आपोआप बाहेर पडायची. "माय वं!" ते म्हणाले. "आते काय करू?"

परत पाठवावं, तर चूलबंद सांगून उपाशी घालवल्याची कथा तीन गावांत तीन पिढ्या चालली असती. शिवाय ही माणसं गेली की सभागृहही गेलं. ठेवून घ्यावं, तर घरात दीड किलो तांदूळ होते. त्यांनी आशेने नवनीतशेठकडे पाहिलं. शेठ पहिल्या रांगेत बायको, दोन सुना आणि चार नातवंडांसह बसले होते.

"शेठ, तुम्ही सगळे?"

"चुनीलाल आम्हना घरबी येल व्हता ना," शेठ ओशाळून म्हणाले. "सुनांनी सकाळे गॅसच नही पेटाडा."

चेतनाताईंनी पदर खोचला. "शेठ, दुकानन्या चाव्या द्या." त्या आवाजापुढे अध्यक्षपद टिकलं नाही. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणा तेल समोरूनच आलं. लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्या भुरीबाईंना बोलावणं गेलं, आणि त्या अर्ध्या तासात टेम्पोत पातेली घालून हजर झाल्या. वाचनालयाच्या मागच्या अंगणात खिचडीसाठी तीन चुली मांडल्या गेल्या.

"किती येय लागी, भुरीबाई?" चेतनाताईंनी विचारलं.

"दीड तास. मंग पान मांडा."

म्हणजे पंडितजींची मैफल तोवर ओढणं भाग होतं. आप्पांनी बायकोशी ठरवलं, खिचडी झाली की चेतनाताईंनी मागच्या दारातून जमनाबाईंचा लाल टॉवेल हलवायचा. तो हलला की आप्पा आभार मानून मोकळे होणार. मग गर्दीतून कशीबशी वाट काढत ते रंगमंचाच्या कोपऱ्यात पोचले, आणि एकदा पोचल्यावर तिथून हलायला जागाच उरली नाही.

"पंडितजी, आज जरा सविस्तर होऊ द्या," ते हळूच म्हणाले.

मणेरीकरांनी समोर पाहिलं. "हल्ली मी पन्नास मिनिटांतच आवरतो हो," ते म्हणाले. "लोक चुळबुळ करायला लागतात. पुण्यात तर दुसऱ्या गतीला गाड्यांच्या किल्ल्या वाजायला लागतात."

"इथे कोणी उठणार नाही," आप्पा म्हणाले. त्यांना खात्रीच होती. जेवल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. या चारशे माणसांतलं एकही माणूस तसलं नव्हतं.

पंडितजींनी यमन सुरू केला. आधी त्यांनी राग म्हणजे काय ते दहा मिनिटं सांगितलं. सगळ्यांनी ते अतिशय गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. मग आलाप सुरू झाला. ते सावकाश निषादावर रेंगाळले, आणि षड्जावर आले त्याच क्षणी मागच्या दारातून लसणाच्या फोडणीचा वास सभागृहात शिरला. चारशे माणसांनी डोळे मिटून एकदम म्हटलं, "आऽऽहा!"

मणेरीकरांनी चमकून वर पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांच्या षड्जाला अशी दाद मिळाली नव्हती. त्यांनी पुन्हा तीच जागा घेतली. भुरीबाईंनी दुसऱ्या पातेल्याला फोडणी दिली. पुन्हा "आऽऽहा!" तिसऱ्या वेळी पंडितजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ब्राह्मणपुरीच्या एका आजोबांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर आपल्या आहेरातला टॉवेल आणि डोक्यावर टोपी घातली.

दीड तास झाला. आप्पांची नजर मागच्या दारावर खिळली होती. टॉवेल हलत नव्हता. पावणेदोन तास झाले. मणेरीकरांनी सतार खाली ठेवायला घेतली तेव्हा आप्पांनी हात जोडून खुणावलं, अजून. त्यांनी एक धून वाजवली. टॉवेल नाही. दोन तास झाले. भुरीबाई कुठे अडल्या? डाळ शिजत नाही का? लेकरं आता रडणार, बाया उठणार, नवनीतशेठ घड्याळ बघणार. आप्पांनी पुन्हा खुणावलं. पंडितजींनी घाम पुसला, हसले, आणि आपल्या गुरूंनी शिकवलेली, वीस वर्षांत कुठेच वाजवायला न मिळालेली एक संथ गत काढली. आता सभागृहात आऽऽहासुद्धा होत नव्हतं. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. ही शांतता भुकेची आहे, या विचाराने आप्पांना स्वतःची लाज वाटू लागली.

अखेर अडीच तासांनी सतार थांबली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ओसरीवरची झोपलेली पोरं उठून रडायला लागली.

"असा श्रोता मी पाहिलेला नाही," मणेरीकर सद्गदित होऊन म्हणाले. "तुमच्या पुढच्या कार्यक्रमांना कोण येतंय? मी सांगतो सगळ्यांना, शहाद्याला जा म्हणून."

आप्पा गर्दी फोडत मागच्या अंगणाकडे धावले. तिथे तिन्ही चुली विझलेल्या होत्या. पातेली झाकून ओळीने ठेवलेली होती. पत्रावळी मांडून झाल्या होत्या, त्यांच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एकेक खडाही होता. भुरीबाई भिंतीला टेकून निवांत बसल्या होत्या.

"खिचडी कवय झाली?" आप्पांनी धापा टाकत विचारलं.

"झाली ना कवयनीच. एक तास झाया."

"एक तास!" आप्पा बायकोवर कडाडले. "आणि टॉवेल?"

चेतनाताईंनी दाराकडे बोट दाखवलं. उंबऱ्याजवळच्या खुर्चीत जमनाबाई पाय लांब करून बसल्या होत्या. लाल टॉवेल घडी करून त्यांच्या गुडघ्याखाली ठेवलेला होता.

"मी हलाडालेच उठनू व्हतू," चेतनाताई म्हणाल्या. "यास्नी मन्हा हातमाईन हिसकाडी लिधा."

"मंग काय करू?" जमनाबाई म्हणाल्या. "तो भाऊ इतला जीव लाईसन वाजाडी ऱ्हायना, आनि हाई बाई फडकं हलाडस! मी भुरीबाईले सांगं, झाकीसन ठेव. मागला सर्व्यास्ले इचारं, भूक लागनी का? त्या म्हनेत, लागनी, पन त्याले पुरं करू द्या. खिचडी कोठे पळी जास?"

आप्पांना चौथीतलं ते भाषण आठवलं, तो विसरलेला मधला भाग, आणि समोरचं ते गप्प बसलेलं सभागृह. त्यांना वाटलं होतं, तसे लोक आता राहिले नाहीत. त्यांनी वाकून जमनाबाईंना नमस्कार केला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," जमनाबाई म्हणाल्या. "लेकरंस्नी पंगत बठाडा आधी."

पंगती बसल्या. टोपी घातलेले पंडितजी जमनाबाईंच्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर पत्रावळ घेऊन बसले. चुनीलालदादा हातात खिचडीवर ओतायच्या तेलाचं भांडं घेऊन आग्रह करत फिरत होते आणि प्रत्येकाला पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाची तारीख सांगत होते. आप्पांनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "पुढच्या वेळी सांगा, जेवीसन या."

"आनि घरमाईन एक, का आख्खं घर?"

"अख्खं घर," आप्पा म्हणाले.

मधल्या रांगेत नवनीतशेठनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आप्पा, खिचडी पातेलाले लागेल शे."

"लागी नही ते काय, शेठ? एक तास ऐकत बठेल व्हती," आप्पा म्हणाले, आणि तळाची खरवड आपल्या पानात वाढून घेऊन ते शेठच्या शेजारी जेवायला बसले.