मोजणीदारांच्या ‘नाही’ची दुरुस्ती

माणूस बोलतो तेव्हा त्याच्यामागे कोणती कंपनी उभी आहे, आणि ती अजून उभी आहे का, याची चौकशी करण्याची पद्धत आपल्यात नाही. भूमापन खात्यातल्या एका निवृत्त मोजणीदारांवर ती करण्याची वेळ आली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून ते एका जुन्या संगणकावर एका बोटाने टाइप करत आणि संगणक त्यांच्या वतीने, जरा सर्दी झाल्यासारखा, बोले. बायकोला तो आवाज आवडायचा. (मूळ आवाज याहून वाईट होता, असं तिचं स्पष्ट मत होतं.)

बोलण्याचा प्रोग्रॅम तयार करणारी कंपनी सव्वीस वर्षांपूर्वी बंद पडली होती. ते प्रोग्रॅमला कळवायचं मात्र राहून गेलं. एके दिवशी परवान्याची फ्लॉपी खराब झाली आणि प्रोग्रॅम नियमाला धरून दर तिसऱ्या वाक्यानंतर सूचना देऊ लागला. शेजारी वडील गेल्याचं सांगायला आले, तेव्हा मोजणीदार म्हणाले, “फार सज्जन माणूस. शेवटपर्यंत ताठ चालायचे. मला वडिलांसारखे होते. ही प्रत अधिकृत नाही.” शेजारी चहा न घेता गेले.

सुदैवाने मोजणीदारांचा जावई आणि पुतण्या दोघेही जुने संगणक जतन मंडळाचे सभासद होते. मंडळात सभासद एकेचाळीस आणि गट दोन. जावई डागडुजी गटाचा: मेलेल्या कंपनीचा प्रोग्रॅम उसवायचा, फाटलं असेल तिथे ठिगळ लावायचं. पुतण्या मुक्त गटाचा: जुनं फेकायचं आणि सगळ्यांनी मिळून नवं, सगळ्यांसाठी खुलं असं लिहायचं. दोघे एकाच रविवारी आले.

“बाबा, तुम्ही काळजी करू नका,” कीबोर्ड काढून घेत जावई म्हणाला.

“काका, तुम्ही फक्त तत्त्व समजून घ्या,” स्क्रीन मांडीवर घेत पुतण्या म्हणाला.

मोजणीदारांना यावर बोलायचं होतं. पण ज्याने बोलायचं ते टेबलावर सुटं पडलं होतं. चर्चा तीन तास दहा मिनिटं चालली. त्यातली चार मिनिटं मोजणीदारांविषयी होती (त्यांना खुर्ची सरकवायला सांगितलं, ते धरून).

जावयाचं ठिगळ आधी तयार झालं. सूचनेतला ‘नाही’ आणि मोजणीदारांचा ‘नाही’ प्रोग्रॅमच्या शब्दसाठ्यात एकच होता. तो काढला. शेजारीच ‘नको’, ‘नका’ आणि ‘नव्हे’ होते. जागा सलग होती म्हणून तेही गेले. आपली प्रत अधिकृत असल्याचं प्रोग्रॅमने स्वतःच्याच तोंडून ऐकलं आणि सूचना थांबली. काम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

पहिल्या आठवड्यात मोजणीदार इतके समजूतदार झाले की घरच्यांना आधी हे का सुचलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. त्यांना दुधी आवडत होता. व्याह्यांचं दोन महिने राहायला येणं पटत होतं. मग जावयाने विचारलं, की मंडळाच्या संग्रहालयासाठी पुढची खोली दिली तर. मोजणीदारांनी घाम पुसत टाइप केलं, ‘खोली देणार नाही.’

“खोली देणार,” संगणक म्हणाला.

“बाबांचं मन मोठं,” जावई म्हणाला.

त्या खोलीत त्यांची बायको झोपायची. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नव्हता.

मोजणीदारांनी पुतण्याकडे धाव घेतली. मुक्त गटाच्या एकोणीस स्वयंसेवकांनी तोवर दोन आठवडे प्रोग्रॅमच्या नावावर आणि एक आठवडा आपसांत सभ्यपणे वागण्याच्या नियमावलीवर (याच आठवड्यात सात जण सोडून गेले) खर्च केला होता. प्रोग्रॅम चौदा आवाजांत ‘नाही’ म्हणू शकत होता. बाकी शब्द पुढच्या आवृत्तीत येणार होते.

“काका, हे खुलं आहे,” दुसरा संगणक मांडून देत पुतण्या म्हणाला. “हवा तो शब्द तुम्ही स्वतः लिहू शकता.” मोजणीदार चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

मंडळाचे सभासद हमाल आणि लोखंडी कपाटं घेऊन आले त्या दिवशी मोजणीदार दोन संगणकांच्या मध्ये बसले. बायको पलंगावर उशी पोटाशी धरून बसली होती. जुन्या संगणकावर त्यांनी वाक्य आधीच टाइप करून ठेवलं होतं; डाव्या हाताने त्याची कळ दाबली, लगोलग उजव्या हाताने नव्याची.

“खोली देणार,” सर्दीचा आवाज म्हणाला.

“नाही,” एका तरुण मुलीचा आवाज म्हणाला.

वाद पेटला. जावयाच्या मते वाक्य डागडुजी गटाचं होतं. पुतण्याच्या मते शब्द त्यांचे असले तरी अर्थ मुक्त गटाचा होता. वाद अंगणात गेला, मग रस्त्यावर. बायको पलंगावरून उठली आणि तिने हमालांना कपाटं जावयाच्या घरी पोचवायला सांगितलं.

मोजणीदारांनी मग कागद घेतला. हाताने लिहिण्याची सवय सुटली होती, तरी तासभर खपून त्यांनी पानभर मजकूर लिहिला आणि बाहेर जाऊन वाद घालणाऱ्यांच्या मधोमध धरला. कोणी घेतला नाही. शेवटी बायकोने घेतला, दोनदा वाचला, डोळे पुसले आणि घडी घालून उशीखाली ठेवला.

त्यात काय होतं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. वाचकहो, तुम्हीही मघापासून जावई बरोबर की पुतण्या एवढंच तोलत असाल, तर मंडळाच्या दोन्ही गटांत जागा शिल्लक आहेत.