नदीच्या वेळेप्रमाणे

ईस्ट हार्लो गावात किती वाजले आहेत, हे गावसभेने बहुमताने ठरवले. १८३८ सालच्या वसंतातली ही गोष्ट. मॅसॅच्युसेट्सच्या गावांत कुंपणापासून पाद्र्याच्या सरपणापर्यंत सगळे हात वर करून ठरवायची रीत होतीच. सूर्य तेवढा राहून गेला होता. गिरणीवर नवे घड्याळ बसले होते. ज्या पाणचाकावर माग चालत, त्याच चाकावर त्याचे काटेही फिरत. इतके प्रगत यंत्र दारात असताना आकाशाकडे बघणे गावाला शोभत नाही, असा ठराव आला.

म्हातारा ओबेड क्रॉस उभा राहिला. "माझ्या खिडकीवर आजोबांनी रेघ कोरलीय. ऊन तिच्यावर आलं की दुपारचे बारा. आजवर चुकली नाही ती."

"ओबेडकाका, तुमच्या रेघेनं कधी वारभर कापड विणलंय का?" गिरणीचा मुकादम इलायहू स्टोडार्ड म्हणाला. सभा पोट धरून हसली आणि ठराव मंजूर झाला. बायकांना मत नव्हते, त्यामुळे मागावर काम करणारी टर्झा बोल्टन मागच्या बाकावर नुसती बसून होती. ती मात्र खूश होती. शेतावर काम कधी संपेल ते देव जाणे. इथे सातला सुटका ठरलेली.

ऑगस्टात पावसाने दडी मारली आणि नदी आटली. चाक रेंगाळू लागले, आणि त्याच्याबरोबर तासही. पहाटे घड्याळ नीट जुळवून घेतले जाई. कामगारांना उठवण्यापुरता सूर्य गिरणीला चालत असे. पुढे मात्र उन्हे कलली की गाव दुपारचे जेवण उरकी. पाद्र्याचे प्रवचन गिरणीच्या एका तासाचे असे, त्यात दोघे जण घेरी येऊन पडले. कोंबड्यांनी ठराव मानला नाही, पण त्यांच्याकडून कुणाची तशी अपेक्षाही नव्हती.

अशात टर्झाला शेजारणीचे पत्र आले: बाप तापाने फणफणलाय, तुझंच नाव घेतोय, शनिवारच्या गाडीने ये. टपालगाडी परगावची, तिला ठराव लागू नव्हता. ती सूर्य मावळताना सुटे.

"मुकादमसाहेब, सूर्य बुडतोय. गाडी जाईल हो माझी," शनिवारी टर्झा काकुळतीला आली.

"चारच वाजलेत."

"जरा बाहेर तरी बघा."

"मी बघून काय होणार, पोरी? गावानं ठरवलंय. मी कोण बदलणारा?"

सातची घंटा झाली तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. टर्झा बारा मैल चालत घरी पोचली. बाप गेला होता. शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होता, असे शेजारीण म्हणाली. टर्झा उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली.

सोमवारी मुकादमाने तिला बोलावून घेतले. तो काही दगड नव्हता. त्याने तिच्यासाठी कागदावर गणित करून ठेवले होते. "तिकडे तुझा बाप रात्री दहाला गेला ना? म्हणजे आपल्याकडे तेव्हा सहा. तू कामावर होतीस. तुला उशीर झालाच नाही, टर्झा. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मग तो वाट कुणाची बघत होता?"

मुकादमाने कागदाकडे पाहिले. कागदावर ते नव्हते. टर्झा मागावर जाऊन उभी राहिली.

ईस्ट हार्लोची माणसे खुळीच म्हणायची. तुम्ही हसलात, हसा. फक्त एवढे आठवून सांगा, आपल्या माणसाला शेवटचे भेटायला निघताना तुम्ही आधी कुणाची परवानगी काढली होती?