वळण बघायला आलेला पाहुणा

माणूस ओळखावा तर मी! समोरचा दारात जोडे कसे काढतो एवढ्यावरून मी त्याचं घर, त्याची आई आणि त्याच्या मनातलं सांगते. शाळेचं म्हणाल तर दुसरीतच शाळेची आणि माझी फारकत झाली, ती कायमची. पण बुकं वाचून ज्यांचे डोळे गेले त्यांना जे दिसत नाही, ते मला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. खाली आमचा गाद्यांचा कारखाना, वर घर, दोन मुलगे, एक सून आणि एक नवरा, एवढा पसारा मी या एका नजरेवर चालवला. कारखाना यांच्या नावावर आहे. असू दे बापडा.

तर आमचा धाकटा. दवाखान्यात गाद्या पोचवता पोचवता तिथल्या एका नर्सपाशी स्वतःच पोचला. मुलगी गुणाची, पण आईबाप नाहीत. मामांनी वाढवलेली. मामा हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर विषय संपला, असं तिनं स्पष्ट सांगितलेलं. आणि ते मामा गुरुवारी आमचं घर बघायला येणार होते. तेव्हापासून पोराचं जेवणावरून मन उडालं. एरवी दोन दोन गाद्या खांद्यावर टाकून जिना चढणारा घोडा, पण मामांचा विषय निघाला की कापूस काढलेल्या खोळीसारखा पडायचा.

मामांना हवं तरी काय, असं मी विचारलं.

"काही मागत नाहीत, आई," तो म्हणाला. "ते फक्त घराचं वळण बघतात."

वळण! मला तर पेपर आधीच फुटल्यासारखं झालं. आमच्या घराचं वळण म्हणजे माझ्या आयुष्याची कमाई. सुनेला सांगितलं, चहा कडक कर आणि बोलणं मऊ ठेव. यांना सांगितलं, तुम्ही खालीच थांबा. यांनी आनंदाने ऐकलं. माझं ऐकण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

पण त्याच आठवड्यात गावात दुसरं खूळ शिरलं होतं. मोटारींची कसलीशी मोठी शर्यत, आठ देशांच्या गाड्या येणार! मैदानात नाही हो, चांगल्या वाहत्या डांबरी रस्त्यांवरून. त्यासाठी आमच्या रस्त्यावर नवं डांबर ओतलं, ते माझ्या उंबऱ्याला लागलं आणि अजून निघालेलं नाही. रस्ता पुलावरून नाकासमोर येतो आणि आमच्या दाराशी पोचला की माझा चेहरा बघून घाबरल्यासारखा उजवीकडे पळतो. म्हणे शर्यतीच्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवायचं, टेम्पो काढायचा नाही, दारात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे दवाखान्याच्या गाद्या काय मी पाठीवर नेऊ? यांना मी बजावून ठेवलं होतं, रेसवाल्यांपैकी कुणीही आला की त्याला असं सुनवायचं, की पुन्हा या रस्त्याला फिरकता कामा नये. काय सुनवायचं तेही पाठ करून घेतलं. कापूस पिंजायच्या यंत्रासमोर उभे राहून हे सरावसुद्धा करत होते.

गुरुवार उजाडला. दारात एक भरदार माणूस आला. जोडे काढले, एकाला एक लावून भिंतीशी ठेवले, टाचा भिंतीकडे. मी मनात म्हटलं, घरंदाज!

"मावशी, जरा वळण बघायचं होतं," तो म्हणाला. "तुमच्या वरच्या खिडकीतून नीट दिसेल म्हणून आलो."

बघा, आडपडदा नाही! मामा म्हणून वयाने जरा कोवळा वाटला, पण म्हटलं आईचं शेंडेफळ असेल. मी म्हटलं खिडकीतून कशाला, आत येऊन बघा, बसा, चहा घ्या. तो बसला, पण मान सारखी खिडकीकडे. पोरीला इथून वारा येईल का ते बघत असणार, असं मी धरलं.

"बाहेरून बघताना सोपं वाटतं," तो म्हणाला, "पण आत शिरलं की आवळत जातं म्हणतात. खरं का?"

गावातल्या बायकांची जीभ कुठवर पोचते बघा. पण मी काही लपवणारी नव्हे. मी म्हटलं, आवळतंच. सैल सोडून कुणाचं भलं झालंय?

त्याने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "इथं कुणी घसरलंय का कधी?"

सुनेच्या हातातली बशी वाजली. मी तिला डोळ्याने दाबलं आणि ठरवलं, नातं जोडायचं तर खोट्यावर नको. सांगून टाकलं, की थोरला घसरला होता. एकदाच, लग्नाआधी.

"ओल्यात की कोरड्यात?"

काय माणूस आहे! दारू म्हणायचीसुद्धा त्याला लाज. मी म्हटलं, ओल्यातच हो, कोरडा असताना गाय आहे गाय. मित्राच्या पार्टीत घसरला, पण थोडक्यात निभावलं. यावर त्याच्या कपाळावर एक आठी आली. थोरला म्हणजे मोठा टेम्पो का, असं काहीतरी त्याने विचारलं. थोरला आहेच तसा अंगाने, म्हणून मी हो म्हटलं.

"आणि वेगात कुणी बाहेर गेलं तर? बाहेर जागा आहे?"

मी म्हटलं, बाहेर जागा हवी तेवढी आहे, पण एकदा बाहेर गेलेल्याला मी परत आत घेत नाही. आणि तुम्हाला धाकट्याशी काम. तो अगदी सरळ. कुठे वाकडं नाही, कुठे खड्डा नाही, डोळे मिटून सोडा.

हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. चहा एका घोटात संपवला, "मावशी, इतकी नेमकी माहिती मला आजवर कुणी दिली नाही," म्हणाला, आणि गेला. मी सुनेकडे बघितलं. बघितलंस? असं असतं वळण!

आता त्याच वेळी खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते.

खाली खरे मामा आले होते.

किडकिडीत, शांत, हातात छत्री. यंत्र धडधडत होतं, कापूस उडत होता, आणि त्या कापसात आमचे हे पांढऱ्या भुतासारखे उभे. मामा आधीच संकोची. लग्नाचा शब्द काढायला लाजले आणि म्हणाले, "आमची इथं येणार आहे. तिला काही त्रास होणार नाही ना, ते बघायला आलोय."

झालं! यांनी धरलं, 'आमची' म्हणजे शर्यतीची गाडी. छाती फुगवली आणि पाठ केलेलं म्हणायला लागले. तुमची येणार म्हणून आम्ही दारं लावून बसायचं? ती आवाज करणार, धूर सोडणार, आमच्या कानठळ्या बसवणार, आणि आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मामा थक्क. आमची मोठ्याने बोलतसुद्धा नाही, म्हणाले.

"सगळे असंच सांगतात," हे म्हणाले. "इथे आली की कळतं. दुसरा रस्ता बघा तिच्यासाठी!"

आख्ख्या संसारात या माणसाने आवाज चढवला तो हा एकदाच. आणि काय मुहूर्त साधला!

मी वरून खाली उतरले ती जग जिंकून. तेवढ्यात टेम्पो आला, थोरला आणि धाकटा उतरले. धाकट्याचं तोंड कापसाहून पांढरं. मामा कोपऱ्यावर भेटले, म्हणाला, आणि माझ्याशी बोललेच नाहीत, नुसता हात हलवला.

मी म्हटलं, अरे बोलतील कशाला, आपलं सगळं ठरलं! कसला भरदार माणूस.

"भरदार?" धाकटा म्हणाला. "आई, मामा काडीसारखे आहेत."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी जमिनीकडे बघितलं. मग चाचरत, आत्ताच एका किडकिडीत रेसवाल्याला कसं पळवून लावलं ते अभिमानाने सांगायला लागले, आणि अर्ध्यात माझं तोंड बघून थांबले. माझ्या पायातली चप्पलसुद्धा कुठली कुठे गेली. तशीच अनवाणी धावले.

नशीब बघा, मामांना पुढे जाताच आलं नव्हतं. सरावाची गाडी यायची होती म्हणून रेसवाल्यांनी कोपऱ्यावर दोरी लावून रस्ता अडवला होता. मामा दोरीला टेकून उभे, छत्री घट्ट धरलेली. मागून धाकटा आला आणि माझ्या पाठीशी उभा राहिला, लहानपणी कुत्रा बघून उभा राहायचा तसा.

"बाई, तुमचे मालक काय ते स्पष्ट बोलले," मामा म्हणाले. "बरं झालं. पोरगी सुखात पडली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं."

मी तोंड उघडलं. कुणाची चूक असो, माझ्या तोंडाला शब्द कमी पडले असं कधी झालं नाही. त्या दिवशी पडले. माफी मागायची तर सुरुवात कुठून करतात हेच मला ठाऊक नव्हतं. कधी मागितलीच नव्हती!

आणि तेवढ्यात ती गाडी आली. वळणावर हळू झाली, काचा खाली. चालवणारा दुसराच कुणी, आणि त्याच्या शेजारी माझा तो घरंदाज पाहुणा! चालवणाऱ्याला रस्ता आधीच सांगत जाणं, हेच म्हणे त्याचं काम. लिलावात बोलतात तसा ओरडत होता:

"उजवं वळण, आत आवळतं! ओल्यात घसरतं, थोरला घसरलाय! बाहेर गेलात तर परत आत घेत नाहीत! पुढे धाकटा, एकदम सरळ, डोळे मिटून सोड!"

आख्ख्या रस्त्याने ऐकलं. थोरला नव्या डांबराकडे असा बघायला लागला की जणू त्यात शिरता आलं तर बरं. पाहुण्याने मला बघून हात केला, "बरोबर ना, मावशी?" आणि गाडी गेली.

मामांनी विचारलं, हा कोण? मग मी एका दमात सगळं ओकले. याला मी तुम्ही समजले, तुम्हाला यांनी तो समजलं, आणि तुम्हाला सांगायचं ते मी त्याला सांगून बसले.

मामांनी गाडी गेली तिकडे बोट केलं.

"म्हणजे तो ओल्यातला प्रकार तुम्ही मला सांगणार होतात?"

मी म्हटलं, सांगितलाच की. तुम्ही तिथे नव्हतात ही माझी चूक नाही.

मामांची छत्री हलायला लागली. आधी वाटलं रागाने, मग बघितलं तर माणूस हसत होता. म्हणाले, पोरीसाठी आजवर जी घरं बघितली, त्या प्रत्येक घरात मुलं देवासारखी आणि आई दुधासारखी. घसरलेला माणूस पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांनी धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोराने श्वास धरून ठेवलेला.

"त्याला पाजलात तो चहा उरलाय का थोडा," मामा म्हणाले, "विहीणबाई?"

विहीणबाई! धाकट्याने श्वास सोडला तो असा, की पुलापर्यंत ऐकू गेला असेल. पोरगा त्या दिवशी तिघांचं जेवला.

रविवारी मुलगी घर बघायला आली. शर्यत अजून व्हायचीच आहे, पण माझ्या पाहुण्याने आपल्या वरच्या साहेबांना काय काय सांगितलं देव जाणे. आदल्या दिवशीच रेसवाल्यांनी आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर ही एवढी मोठी पिवळी पाटी ठोकली. मी एकेक अक्षर लावून वाचली: 'अतिशय धोक्याचं वळण. जपून.' मी भांडले. म्हणे शर्यत होईपर्यंत काढता येणार नाही. वर गादीची खोळ घालू म्हटलं तर तेही चालणार नाही.

मी तर दारातच उभी. पोरीने पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाटी वाचली.

आणि अगदी जपून आत आली.