खुरटी ओळ

घरात काहीतरी मेलंय, यावर सासूबाई ठाम होत्या. मुलाने कपाटं सरकवली, प्लंबरने मोरीची जाळी काढली, पण उंदीर काही सापडला नाही. सून मात्र वास ओळखून बाल्कनीकडे धावली.

प्रयोगशाळेतले दिवे बिघडल्यामुळे तिची रोपं तिथे मुक्कामाला होती. पेशींमध्ये पॉलिअमाइन नावाचे इवलेसे रेणू असतात; मेलेल्या प्राण्याला येणारा कुजका वास त्यांचाच. ते डीएनएला बिलगतात, प्रथिनं घडवायला हातभार लावतात, म्हणून पेशी वाढतात आणि रोपही. दोन ओळींपैकी एकीत औषध घालून तिने हे रेणू तयार होणंच बंद पाडलं होतं. ती ओळ खुरटी राहिली तरच पीएचडी. आज मार्गदर्शक बाई बघायला येणार होत्या.

आणि खुरटी ओळ दुसरीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"बाबा, कोपऱ्यातल्या त्या पॉलिअमाइनच्या बाटलीला हात लावलात?"

आजारपणानंतर सासऱ्यांना वास येत नसे. स्वेटरवर सांडलेलं त्यांना कळलंच नव्हतं.

"अगं, तूच म्हणालीस ना, यात तेच आहे, ज्याने झाडं वाढतात? मग ती बिचारी उपाशी का? रोज पाण्यातून थोडं थोडं दिलं."

"बाबा, ती खुरटीच राहायला हवी होती!" तिला रडू फुटलं.

सासरे ओशाळले. "मीही असाच वाळलो होतो. तू चमच्या-चमच्याने भरवून मला उभं केलंस. मला बघवलं नाही गं."

तेवढ्यात बेल वाजली.

बाई नाकाला रुमाल लावूनच बाल्कनीत आल्या. सगळं ऐकून रोपांपाशी वाकल्या.

"औषध चालूच होतं?"

"हो."

"आणि वरून पॉलिअमाइन मिळाल्यावर वाढली?" बाईंनी रुमाल खाली केला. "अगं, परीक्षकांनी हेच तर विचारलं होतं. औषध नुसतं विषारी असेल, म्हणून रोपं खुरटली असतील, असं म्हणाले होते. विष असतं तर ही सावरली असती का? आता हे नीट मोजूनमापून पुन्हा कर."

सुनेने डोळे पुसले. बाईंनी पेन उघडलं आणि पहिल्यांदाच सासऱ्यांकडे आदराने पाहिलं.

"काका, प्रमाण किती ठेवलंत?"

सासऱ्यांनी गंभीरपणे विचार केला.

"प्रमाण कसलं? ज्याचा चेहरा जास्त उतरलेला, त्याला जास्त."

बाईंनी पेनला टोपण लावलं.