हौसाचा ढोल आणि हवालदारमामा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही. मुलांच्या वह्यांची उरलेली पानं आहेत, कुणाला दाखवायची नाहीत, म्हणून लिहायचा धीर होतो. तरी कुणी वाचलंच, तर चुका पोटात घालाव्या.

हवालदारमामांबद्दल लिहायचं तर भाकरीपासून सुरुवात करावी लागेल. सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत असले की ते आमच्या दाराबाहेर थांबायचे. काठी बगलेत, मान कलती, डोळे मिटलेले. भाकरी तव्यात पडली की म्हणायचे, "सूनबाई, शेवटच्या चार थापा घाईत झाल्या." आणि पुढच्या दाराला जायचे. मी इतकी लाजायची की माझी पुढची भाकरी चिरायची.

पलटणीच्या बँडात त्यांनी वीस वर्षं मोठा ढोल वाजवला होता. पेन्शनीत निघून कडेगावजवळच्या आमच्या गावी आले, तर इथे काहीच तालात नव्हतं. विहिरीवरचं इंजिन मधूनच एक ठोका गाळायचं, त्याला ते "कामचोर" म्हणत. न्हावी कात्री चालवताना बोलायला लागला की अर्ध्या हजामतीवरून उठून यायचे. आरतीला पुजाऱ्याने घंटा पुढे पळवली, तर देवासमोर ओरडायचे, "थम्!" मग पुजारी थांबायचा, आरती थांबायची. शेजारची शांताक्का म्हणायची, "आतला देवबी दचकून उभा राहात आसंल."

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य, "आठाच्या पुढं आकडाच न्हाई. आठ झालं की परत एकावर या."

आता हौसाचं सांगते. हौसा माझी नणंद, तेव्हा चोवीस वर्षांची. पहिलीत तीन वर्षं बसली आणि मास्तरांनी घरी पाठवली. उजवं-डावं तिला कळत नसे. दोन कामं एकदम सांगितली की दोन्ही विसरून उंबऱ्यावर बसून राही. गावात तिला काय म्हणत ते मी लिहीत नाही. बारा वर्षांची असताना एका लग्नात तिने हातातल्या अक्षता टाकायच्या सोडून खाल्ल्या. सगळा मांडव हसला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. त्यानंतर हौसा कुठल्या कार्याला गेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्याबाईंना हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी माघातल्या जत्रेसाठी मामांनी बायकांची लेझीम बसवायला घेतली. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. सराव दुपारी आमच्या खळ्यावर. उसाला तुरे आले होते. वारा सुटला की सगळं रान पांढरं होऊन एकीकडे झुकायचं, गुऱ्हाळाचा गोड धूर यायचा, आणि आम्हा बारा जणींच्या लेझमी एकदम छन् करून वाजायच्या. मी रांगेत अगदी शेवटी. तरी कधी कधी वाटायचं, हे आपले हात नव्हेतच, कुणीतरी दुरून हलवतंय.

हौसा खळ्याच्या कडेला उभी राहून बघायची. एक दिवस मामांनी तिच्या हातात लेझीम दिली.

"बायं मूड!"

आम्ही डावीकडे वळलो, हौसा उजवीकडे. ती सरळ शांताक्कावर जाऊन आदळली.

"आगं बया! म्हशीनं धडक मारल्यागत झालं की!" शांताक्का ओरडली. सगळ्या हसल्या. हौसाने लेझीम टाकली आणि तोंड झाकून घेतलं.

मामा हसले नाहीत. ते तिच्या पायांकडे बघत होते. "परत," म्हणाले. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा हौसा चुकीच्या बाजूलाच वळली.

"दिशा चुकती हिची, वेळ न्हाई चुकत," मामा म्हणाले. "तुमी बारा जणी हायसा, वेळंवर एक तरी वळली का? ही एकटीच वळली. हिला तुमच्या मागं चालायला येत न्हाई. तवा आता तुमी हिच्या मागं चाला." आणि स्वतःच्या गळ्यातला ढोल काढून त्यांनी हौसाच्या गळ्यात घातला.

दोन दिवस ती नुसती ढोलावर हात फिरवत होती. तिसऱ्या दिवशी वाजवायला लागली. एक ते आठ, परत एक ते आठ. तो ठोका इतका सारखा असायचा की खळ्यावरच्या चिमण्यासुद्धा उडेनाशा झाल्या.

महिनाभरात एक नवल झालं. हौसा एकटी दुकानाला गेली. मी खिडकीतून बघत होते. मांडीवर थाप मारत, पुटपुटत चालली होती, "गूळ, मीठ, काडेपेटी, थम्. गूळ, मीठ, काडेपेटी, थम्." तिन्ही वस्तू बरोबर आणल्या. दुकानदाराने "आनी काय पायजे?" विचारलं, तर त्याच्यावरही म्हणे ती "थम्!" म्हणून ओरडली.

पण जत्रेचं नाव काढल्यावर आत्याबाईंनी दार लावून घेतलं. "खळ्यावर काय ते करा. चार गावांच्या माणसांत माझ्या पोरीचं हसं न्हाई करून घ्यायचं."

मामा उंबऱ्यापाशी बसून राहिले. मग खिशातून रुपया-रुपयाच्या नोटांची पुडी काढली आणि दाराच्या फटीतून आत सरकवली. "वैनी, तीस रुपये हायत. जामीन समजा. जत्रंत हौसाला एक जण जरी हसला, तरी पैसे तुमचे. न्हाई हसला, तर माझे मला द्या."

मग कडी निघाली. "एक जण, बरं का," आत्याबाई म्हणाल्या आणि पुडी कनवटीला खोचली.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळापुढे उभं राहायला जागा नव्हती. हौसा मध्यभागी, हिरवं लुगडं, गळ्यात ढोल. तिने डोळे मिटले आणि वाजवायला लागली. आम्ही तिच्या भोवती फिरत होतो. मला लाजायचंसुद्धा सुचलं नाही. शेवटी मामांनी हात वर केला, "थम्!" बारा लेझमी थांबल्या. हौसा थांबली नाही.

एक, दोन, तीन, चार. सगळी जत्रा गप्प. आणि गर्दीतून कुणीतरी हसलं. एकच आवाज, मोठा.

मामांनी चेहरा हलू दिला नाही. "दुसरा भाग!" म्हणून ओरडले. दुसरा भाग असा काही बसवलेलाच नव्हता. आम्ही पहिलाच परत केला. हौसा पोटभर वाजवून आपणहून थांबली, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या.

त्यानंतर चार दिवस मामा आमच्या दारावरून गेले नाहीत. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी कनवटीची पुडी माझ्या हातात दिली. "हौसाला घिऊन जा. हवालदाराचे पैसे दिऊन ये."

"पण आत्याबाई, हसलं की कुणीतरी."

"व्हय. मीच हसले," त्या म्हणाल्या. "हिला कुणी थांबवू शकंना, ते बघून हसू फुटलं."

मामांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एक खाट, एक थाळी, आणि भिंतीवर तीन घड्याळं. तिन्ही टिकटिक करत होती, तिन्ही वेगवेगळ्या चालीत. माझ्या एका चुकल्या थापेवर मान हलवणारा माणूस त्या गोंधळात शांत बसला होता.

"मामा, ही एका तालात का नाही लावत?" मी कशी कोण जाणे विचारून बसले.

"एका तालात लावली की एकच वाजल्यागत वाटतं," ते म्हणाले. "आशी वाजली की घरात माणसं वावरत्यात असं वाटतं."

मग जत्रेत हसल्या त्या आत्याबाईच, हे मी सांगितलं.

"कितव्या ठोक्याला हसल्या?" त्यांनी विचारलं.

"ते नाही माहीत, मामा."

"मला वाटतंय चौथ्या." त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "हौसाबाय, मोज."

हौसाने एकेक नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. एक ते आठ. परत एक ते आठ. परत एक ते आठ. मग एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि नोटा संपल्या. ती माझ्याकडे बघायला लागली.

"सात-आठ उद्या दुपारी खळ्यावर," मामा म्हणाले. जत्रा तर होऊन गेली होती. "आनी सूनबाई, वैनींना सांगा, तीसच्या तीस पोचले."